टेकडीवरची वाट आणि आपली मुलं

पाणवठा, स्मशानभूमी, गायरान, शिष्यवृत्ती, बढती... हक्काच्या या गोष्टी आपण आपल्या साप्ताहिकातून वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्या यादीत ‘डोंगरावर सायकल चालवायची वाट’ हा विषय आला तर काही ज्येष्ठ मंडळी हसतील, याची मला कल्पना आहे. आमच्या विहारातल्या एका काकांनी तर मला तोंडावरच विचारले, “पोरांच्या खेळाला कसला आलाय हक्क, ताई?” त्यांना जे उत्तर दिले, तेच जरा विस्ताराने येथे मांडत आहे.

सायकल ही आपल्या वस्तीत कधीच चैनीची वस्तू नव्हती. आपल्या वडिलांच्या पिढीने सायकलवर संसार ओढला. हँडलला डबा, कॅरियरला पिशवी आणि पहाटेची पहिली पाळी. आता त्याच घरांतली मुले वेगळ्या सायकली चालवू लागली आहेत. रुंद, खाचांचे टायर, पुढे शॉकअप, गिअर, आणि दगडधोंड्यांतून, चढउतारावरून जाण्याची ताकद. तिला माउंटन बाईक म्हणतात. नवी घ्यायची तर क्लार्कच्या एका पगारात बसणार नाही, अशाही सायकली आहेत. माझ्या भाच्याने मात्र सुट्टीच्या दिवसांत पार्सले पोचवून साठवलेल्या पैशातून जुनी घेतली आणि स्वतः दुरुस्त केली. वस्तीतली आणखी पाच-सहा मुले आणि दोन मुली त्याच्याबरोबर रविवारी सकाळी मागच्या टेकडीवर जाऊ लागल्या. त्या वेळात ही मुले नाक्यावर उभी नसतात, मोबाईलमध्ये डोके घालून बसलेली नसतात आणि कुणाच्या मिरवणुकीपुढे नाचतही नसतात. कोणत्या आईबापाला हे नको आहे?

आता त्या टेकडीविषयी. टेकडी वनखात्याची, राखीव वनाची. पण तिच्यावरची वाट खात्याने केलेली नाही. माझी आई आणि तिच्या बरोबरीच्या बायका त्या वाटेने सरपणाला जात. पलीकडच्या कारखान्यात जाणारे कामगार बसचे पैसे वाचवण्यासाठी तीच वाट तुडवत. आमच्या आधीच्या दोन पिढ्यांच्या टाचांनी ती वाट मळली आहे. पुढे घरोघर गॅस आला, कारखाना बंद पडला, वाटेवरची वर्दळ कमी झाली. मग एक दिवस खाली तारेचे कुंपण आले, ‘विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल’ अशी पाटी आली. कुंपणाला एक फिरते फाटक ठेवले होते. त्यातून सकाळी फिरायला येणारी मंडळी जात-येत होती, त्यांना कुणी अडवत नव्हते.

मुलांना मात्र अडवले गेले. एका रविवारी चौघे जण वर गेले असता वनरक्षकाने त्यांना थांबवले. त्यांच्या थोडेच पुढे हेल्मेट घातलेले, महागड्या सायकलींचे दोघे जण गेले होते. त्यांना हटकल्याचे मुलांनी पाहिले नाही. आमच्या मुलांना पहिला प्रश्न आला, “कुठल्या वस्तीतले रे तुम्ही?” वस्तीचे नाव सांगितल्यावर आडनावे विचारली. मग सायकली खाली कार्यालयात जमा करून घेतल्या आणि चौघांनाही कागदावर सह्या करायला सांगितल्या. कागद कोरा होता. तिघांनी घाबरून सह्या केल्या. चौथी मुलगी होती. ती म्हणाली, “काय लिहिणार आहात ते आधी लिहा, वाचते, मग सही करते.” बारावीतली मुलगी! तिचे हे शब्द ऐकून मला वाटले, आपली महिला मंडळे, व्याख्यानमाला, अभ्यासिका वाया गेलेल्या नाहीत.

यात गंभीर काय आहे, असे काकांना वाटत होते. गंभीर हे आहे की त्या चौघांतला एक जण पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत चारित्र्य पडताळणी होते. आज कोऱ्या कागदावर सही झाली आणि उद्या त्यावर वनगुन्हा लिहिला गेला, तर ‘तुमच्यावर गुन्हा दाखल आहे काय?’ या रकान्यात तो काय लिहिणार? श्रीमंताच्या मुलाला असा गुन्हा म्हणजे वकिलाची एक फी. आपल्या मुलाला तो म्हणजे आयुष्यातली एकमेव सरकारी नोकरी. खेळाचा प्रश्न इथे पोटाच्या प्रश्नाला येऊन भिडतो.

त्याच दिवशी दुपारी विहार समितीचे दोन जण आणि मी कार्यालयात गेलो. आम्ही मोर्चा नेला नाही, घोषणा दिल्या नाहीत. मी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसून आवक-जावक सांभाळली आहे. कागद कुठे अडतो आणि कशाने हलतो, एवढे मला कळते. अधिकाऱ्यांना एवढेच म्हटले, “साहेब, सायकली जमा केल्या असतील तर पावती द्या. गुन्हा असेल तर कलम सांगा. आणि सह्या घेतलेले कोरे कागद आमच्यासमोर रद्द करा.” साहेब तरुण होते, समंजस होते. पावती नव्हती, कलम लिहिलेले नव्हते. त्यांनी कागद आमच्यासमोर फाडले आणि सायकली परत दिल्या. पण जाताना म्हणाले, “ताई, कायद्याने राखीव वनात शिरणे गुन्हाच आहे. पुन्हा आली तर मला कारवाई करावी लागेल.”

साहेबांचे म्हणणे खोटे नव्हते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे. परंतु त्याच कायद्यात त्याच्या आधीचे एक कलम आहे, आणि ते कुंपणावरच्या पाटीवर लिहिलेले नसते. कलम २५ सांगते की राखीव वनातील सार्वजनिक किंवा खासगी वाट बंद करायची असेल तर वनाधिकाऱ्याला राज्य शासनाची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, आणि त्या वाटेऐवजी सोयीची दुसरी वाट आधीपासून असावी लागते किंवा करून द्यावी लागते. थोडक्यात, जुनी वाट कुणाच्या मनात आले म्हणून बंद होत नाही, त्यासाठी आदेश लागतो.

मग आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. २००५ चा हा कायदा गरिबाच्या हातातले फार मोठे हत्यार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा कागद आणि नेमके प्रश्न. ‘आमच्यावर अन्याय का केला?’ असा प्रश्न विचारला की उत्तर येत नाही. ‘सदर वाट बंद केल्याच्या आदेशाची प्रत द्यावी, वनाच्या नकाशाची प्रत द्यावी, सायकलस्वारांना मनाई करणारे परिपत्रक असल्यास त्याची प्रत द्यावी’ असे विचारले की कागद शोधावा लागतो. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आले. नकाशाच्या झेरॉक्सवर आमची वाट तुटक रेषेने दाखवलेली होती. बाकी दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर, ‘सदर बाब कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.’ ते वाक्य मी स्वतः शेकडो वेळा टाईप केले असेल. ते वाचून एवढा आनंद कधी झाला नव्हता!

हे चालू असताना भाच्याने इतर देशांतली माहिती मिळवली आणि आम्ही विहारात बसून ती वाचली. त्यातून कळले की हा झगडा फक्त आपल्या टेकडीवरचा नाही.

ही सायकल ज्या देशात वाढली त्या अमेरिकेतच तिला पहिली बंदी झाली. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन नावाचा परगणा आहे. तिथे टॅमलपायस हा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तिथली तरुण मुले भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली येऊ लागली. एक उतार असा होता की खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९७६ पासून तिथे शर्यती झाल्या आणि त्यातूनच हा खेळ व हा धंदा जगभर पसरला. पण त्याच डोंगरावर पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांच्या तक्रारी वाढल्या. सायकली अंगावर येतात, घोडे बुजतात, वाटा उखडतात. परिणाम असा झाला की अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. आगीचे बंब जाण्यासाठी केलेले रुंद रस्ते तेवढे उरले, आणि तिथेही ताशी १५ मैलांची म्हणजे सुमारे २४ किलोमीटरची वेगमर्यादा आली.

तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन १९८८ मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिने आधी स्वतःच्याच लोकांना नियम घालून दिले. खुल्या असलेल्या वाटांवरूनच जा. मागे खूण ठेवू नका. सायकल ताब्यात ठेवा. दुसऱ्याला आधी वाट द्या. जनावरांना घाबरवू नका. निघण्यापूर्वी तयारी करा. एवढे नियम पाळून, फावडे-कुदळ हातात घेऊन त्यांचे स्वयंसेवक वाटा दुरुस्त करू लागले, आणि मग अधिकारी त्यांच्याशी बोलायला बसू लागले.

इंग्लंडची हकिकत तर आपल्यासारख्या कामगार घरांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. किंडर स्काऊट नावाचे उंच माळरान मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांच्या मधोमध आहे. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगारांना रविवारी तिथे मोकळी हवा हवी होती. पण ते जमीनदारांचे, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले रान. कामगाराने पाय ठेवला की राखणदार काठ्या घेऊन हाकलत. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे तरुण कामगार उघडपणे, गाणी म्हणत त्या माळावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा मोटार मेकॅनिक. रेल्वे स्टेशनवर पोलीस असतील म्हणून तो त्या दिवशी सायकलवरून गेला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये इंग्लंडात राष्ट्रीय उद्यानांचा आणि निसर्गात मोकळेपणी फिरण्यासंबंधीचा कायदा झाला, त्यामागच्या चळवळीत या सत्याग्रहाचे नाव आजही आदराने घेतले जाते.

गंमत अशी की त्या कायद्याने सायकलींचे भागले नाही. घोडेवाटांवर सायकल नेण्याची मुभा १९६८ च्या कायद्याने मिळाली, तीही पादचारी आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळावर फिरण्याचा हक्क दिला तो फक्त पायी. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र २००३ च्या कायद्याने इंजिन नसलेल्या सर्वांना, म्हणजे पायी, घोड्यावर आणि सायकलवर, बहुतेक सगळ्या जमिनीवर जाण्याचा हक्क दिला. अट एकच, जबाबदारीने वागा.

हे वाचून आमच्या मुलांत दोन तट पडले. काही म्हणाले, “किंडरसारखे करू. शंभर सायकली घेऊन वर जाऊ, बघू कोण अडवतो!” तेव्हा मी त्यांना महाडची आठवण दिली. आधीच सांगते, चवदार तळ्याशी मी या वाटेची तुलना करत नाही. तो प्रश्न माणूसपणाचा होता, त्याच्या पासंगालाही हा पुरणार नाही. पण लढण्याची रीत आपण तिथूनच शिकायची, दुसरीकडून कशाला? मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागद आधीच झालेला होता, पण तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले ते त्या हक्काचा अंमल करण्यासाठी. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा हजारो लोक महाडला जमले. त्या वेळी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. जमलेली माणसे तुरुंगात जायला तयार होती. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा न्यायालयात नेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे! ताकद असताना थांबणे आणि थांबून न सोडणे, याला किती धीर लागतो हे मुलांना समजावून सांगितले. शंभर सायकलींचा बेत रद्द झाला.

संविधानाचे कलम १५(२) मुलांना वाचून दाखवले. विहिरी, तलाव यांच्याबरोबर त्यात ‘रस्ते’ हा शब्द आहे. शासनाच्या पैशातून राखलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेल्या रस्त्यांवर जातीच्या कारणाने कुणालाही मज्जाव करता येत नाही. याचा अर्थ कुणीही कुठल्याही जंगलात शिरावे असा नाही. अर्थ असा की फाटक एकाला उघडे असेल तर दुसऱ्याला आडनाव विचारून ते लावून घेता येणार नाही. बंद तर सर्वांना बंद, खुले तर सर्वांना खुले. साहेबांशी झालेल्या बैठकीत आमचा पहिला मुद्दा हाच होता.

त्या बैठकीत खात्याचीही बाजू आम्ही नीट ऐकून घेतली. पावसाळ्यात ओल्या मुरमावरून चाके फिरली की चर पडते. पुढच्या सरीला पाणी त्या चरातून धावते आणि माती घेऊन खाली जाते. दोन पावसाळ्यांत पायवाटेचा ओढा होतो. पाणी मुरावे म्हणून खणलेल्या समतल चरांचे बांध सायकलीच्या उड्यांनी ढासळतात. जमिनीवर घरटे करणारे पक्षी असतात, नवी रोपे लावलेली असतात. हे सगळे खरे आहे. आपण पंचशील घेतो. प्राणिमात्रांना इजा करणार नाही असे रोज म्हणणाऱ्याने घरट्यावरून चाक नेणे बरे नव्हे.

म्हणून आम्ही लेखी प्रस्ताव दिला. जून ते सप्टेंबर सायकली नाहीत. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर नाहीत. नव्या वाटा पाडणार नाही. पायी चालणारा दिसला की सायकलवरून उतरायचे. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढायला रविवारी मुले श्रमदान करतील. शहरातल्या हेल्मेटवाल्या सायकल मंडळींनाही आम्ही बोलावले. ते आले, चांगले वागले. पण त्यांनी एक सूचना केली, “वर्षाचे शुल्क ठेवावे आणि नावनोंदणी ऑनलाईन करावी, म्हणजे शिस्त राहील.” मी विचारले, “शुल्काने शिस्त कशी राहते, दादा?” शुल्क लावले की आमची मुले आपोआप गाळली जातात आणि कुणाला आडनावही विचारावे लागत नाही. पूर्वी मज्जाव बोलून होत असे, आता तो पावतीने होतो. वाट ज्यांच्या आज्यांनी मळली त्यांच्या नातवंडांना तिकीट लागू नये, हे आम्ही इतिवृत्तात लिहून घेतले.

आजची स्थिती अशी. दोन वाटांपैकी खालची वाट सायकलींना खुली असल्याचे लेखी पत्र मिळाले आहे. शुल्क नाही, फाटकावर वहीत नाव लिहायचे. त्या वहीत वस्तीचा रकाना नाही, आडनाव विचारले जात नाही. वरची वाट नव्या रोपवनातून जाते म्हणून बंद ठेवली आहे. ते आम्हाला पटले, पण रोपे वाढल्यावर फेरविचार करावा असा अर्ज दिला आहे आणि त्याचा आवक क्रमांक माझ्या डायरीत आहे. ज्या वनरक्षकाने मुलांना अडवले होते, तो गेल्या उन्हाळ्यात जाळरेषा काढताना मुलांबरोबर डबा खायला बसला. त्याच्याशी आमचे वैर नव्हते. त्याला दिवसाला किती किलोमीटर चालावे लागते हे मुलांना तेव्हा कळले.

वाचकांपैकी कित्येकांच्या वस्तीमागे अशी टेकडी, असा माळ, असा तलाव असेल. त्यांना चार गोष्टी सांगते. मुलांना बजावा की कोऱ्या कागदावर सही करायची नाही, मग समोर कुणीही असो. वस्तू जप्त झाली तर पावती मागा. पाटी वाचून परत फिरू नका, पाटीमागचा आदेश मागा. आणि हक्क मागायला जाल तेव्हा जबाबदारीचा कागदही बरोबर न्या, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही.

काकांना मी शेवटी एवढेच म्हटले, “काका, आपण पाण्यासाठी लढलो, शाळेसाठी लढलो, ते पोरांनी नुसते जगावे म्हणून नव्हे. त्यांनी मोकळेपणाने जगावे म्हणून लढलो. हसणे, धावणे, डोंगरावर चढणे हेही त्यातच येते.” काकांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरं, पण ब्रेक तपासून जायला सांग त्यांना.”

जयभीम!